समासात लिहिताना: आपल्याच पुस्तकातल्या दुरुस्त्या आणि टिपा

नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या घरातून आलेलं एक पुस्तक माझ्याकडे आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ते सगळ्यात खालच्या फडताळात होतं. पानं वाळताना वाकडीतिकडी झाली, पुठ्ठा सुटला. पहिल्या पानावर आजोबांनी टाकाच्या निळ्या शाईने घातलेलं नाव आता नुसता फिकट निळा डाग आहे, एक अक्षर लागत नाही. आत समासात त्यांनी शिसपेन्सिलीने केलेल्या टिपा मात्र जशाच्या तशा आहेत. पान ८७ वर बारीक अक्षरात लिहिलंय, 'हे पान ३१ शी जुळत नाही.' मी पडताळून पाहिलं. खरंच जुळत नाही.

मी पंचवीसेक वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून संध्याकाळी स्वतःचं पुस्तक उघडलं की हात पेन्सिलीकडे जातोच. ओळखीचे लोक विचारतात, स्वतःच्या पुस्तकात असं लिहावं का? पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसं, त्यामुळे ही शंका मला अगदी मनापासूनची वाटते. माझं उत्तर आहे, जरूर लिहावं. फक्त छापलेलं काय, आपण दुरुस्त केलेलं काय आणि आपल्याला वाटलेलं काय, हे तिन्ही पन्नास वर्षांनी पुस्तक हातात घेणाऱ्याला वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे. पुढची सगळी पद्धत एवढ्यासाठीच आहे.

ही रीत जुनी आहे

जुन्या हस्तलिखितांत लेखनिकाचं अक्षर चुकलं की त्यावर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा रंग लावत आणि वर बरोबर अक्षर लिहीत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. अक्षर राहून गेलं असेल तर त्या जागी कावळ्याच्या पायासारखी खूण करून समासात ते अक्षर भरत. या खुणेला काकपद म्हणतात, कुणी हंसपद म्हणतं.

दुरुस्ती आणि भर यांतला फरकही आपल्याकडे फार पूर्वी कुणीतरी स्पष्ट सांगून ठेवला आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते काम संपवताना त्यांनी बजावलं की, या पाठात जो आपली ओवी घुसवील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. शुद्ध करणं मान्य, स्वतःचं मिसळणं अमान्य. पुस्तकात लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

पुण्यात या शिस्तीचं सगळ्यात मोठं उदाहरण भांडारकर संस्थेतलं. १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं चाललेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १२५९ हस्तलिखितं तपासून तयार झाली. पानावर वर संपादकांनी निवडलेला पाठ आहे आणि खाली बारीक टायपात बाकीचे पाठभेद. जे नाकारलं तेही वाचकासमोर ठेवलं. घरच्या पुस्तकात आपण याच्या शतांश जरी काळजी घेतली तरी पुष्कळ.

कुठे लिहायचं नाही

वाचनालयाचं पुस्तक, मागून आणलेलं पुस्तक, संस्थेतून अभ्यासाला घेतलेलं पुस्तक, यांत एक टिंबही नाही. चूक कितीही ढळढळीत असली तरी नाही. ग्रंथपालांना चिठ्ठी लिहून द्या.

स्वतःची असली तरी काही पुस्तकं वाचवायची असतात. हाताने लिहिलेल्या पोथ्या, शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून छापलेली पुस्तकं, लेखकाची सही असलेली प्रत, आणि हात लावला की कडा तुटतात इतकी जीर्ण झालेली. यांच्यासाठी वेगळी चिठ्ठी वापरायची, ती कशी ते पुढे सांगते. घरात जुन्या मोडीतले कागद किंवा पोथी सापडली तर आधी जाणत्या माणसाला दाखवा. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आलं आहे.

धाकट्या भावंडाला जाणाऱ्या बालभारतीच्या पुस्तकात उत्तरं लिहू नका, त्याला स्वतः विचार करायला जागा राहत नाही. आणि वापरून झाल्यावर अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीवाल्याकडे विकायचं असेल तर पेनाच्या खुणांनी किंमत पडते, हे गृहीत धरा. उलट स्पर्धापरीक्षेची पुस्तकं वर्ष-दोन वर्षांची पाहुणी असतात. पेठांमधल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांनी ती हायलायटरने रंगवली तर माझी काही तक्रार नाही.

कशाने लिहायचं

शिसपेन्सिल. एचबी किंवा बी. टूएचसारखी कडक पेन्सिल कागदावर चर पाडते आणि खोडल्यावरही तो चर दिसत राहतो. फार मऊ पेन्सिल समोरच्या पानावर काळी उमटते. टोक केल्यावर आधी कोऱ्या कागदावर दोन रेघा ओढून ते जरासं बोथट करून घ्या. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बन. ते उजेडाने उडत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि कागदाला खात नाही. छपाईची शाई तेलातली असते म्हणून पुरात टिकली, पेन्सिल या कारणाने टिकली, आणि आजोबांची निळी शाई पाण्यात विरघळणारी होती म्हणून गेली. पुण्याच्या पावसाळ्यात पूर यावा लागत नाही, भिंतीला ओल आली तरी जेलपेनचं अक्षर पसरतं.

बॉलपेनची शाई तेलकट असते, काही वर्षांनी ती मागच्या पानावर उतरते. हायलायटरचा रंग उडतो आणि मळकट पट्टा मागे राहतो. व्हाइटनर म्हणजे आजची हरताळच. खाली काय छापलं होतं ते कायमचं झाकलं जातं, शिवाय पापुद्रा वाळून फुटतो. रंगीत चिकट चिठ्ठ्या कामाच्या आठवड्यापुरत्या ठीक आहेत. वर्षभर राहिल्या तर गोंद कागदात उतरतो, जुन्या कागदावरून काढताना छापील अक्षरही उचलून आणतो. सेलोटेपबद्दल तर बोलायलाच नको.

गुळगुळीत आर्ट पेपरवर पेन्सिल बसत नाही. तिथे जोर करू नका, चिठ्ठी घाला.

पहिलं काम शुद्धिपत्राचं

बऱ्याच मराठी पुस्तकांत शेवटी, क्वचित सुरुवातीला, शुद्धिपत्र असतं. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. लेखकाने आणि मुद्रितशोधकाने प्राण ओतून केलेलं हे पान बहुतेक वाचक उघडतही नाहीत. नवं पुस्तक आणलं की मी वाचायला बसण्याआधी पंधरा मिनिटं काढते आणि शुद्धिपत्रातल्या सगळ्या दुरुस्त्या त्या त्या पानावर पेन्सिलीने नेऊन ठेवते. ओळ मोजताना ती वरून की खालून सांगितली आहे ते बघा. शीर्षकाची ओळ मोजली आहे की नाही हे पहिल्या दोन दुरुस्त्यांत कळतं. प्रत्येक दुरुस्तीशेजारी 'शु.' लिहायचं, म्हणजे ती लेखकाची आहे, माझी नाही, हे कळतं. शुद्धिपत्रात झालेल्या नोंदीवर बारीक बरोबरची खूण.

मग आपल्या दुरुस्त्या

इथे खरी घाई होते, म्हणून इथे जास्त थांबते.

चूक दिसली की आधी ती कोणत्या जातीची आहे ते ठरवा. छपाईची चूक, म्हणजे अक्षर पडलं, उलटलं, काना राहिला, ती लगेच दुरुस्त करायला हरकत नाही. पण जुन्या पुस्तकातलं जुनं लेखन ही चूक नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे. त्याआधीच्या पुस्तकात 'नाहीं', 'कांहीं', 'करणें', 'पांच' असंच छापलेलं असणार, 'कवि' ऱ्हस्व असणार. त्या काळी तेच शुद्ध होतं. असं एक पुस्तक मी अलीकडे जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलं. आधीच्या मालकाने पहिल्या चाळीस पानांतले सगळे अनुस्वार लाल शाईने खोडले होते आणि मग बहुधा दमून सोडून दिलं होतं. इतकी मेहनत आणि सगळी पुस्तकाच्या विरुद्ध. आताच्या नियमातही खाचाखोचा आहेत. 'शुद्धी' एकटा आला की दीर्घ, पण 'शुद्धिपत्र' या जोडशब्दात ऱ्हस्व. ते 'शुद्धीपत्र' करणारा वाचक चूक सुधारत नसतो, घालत असतो. शब्दकोश उघडल्याशिवाय ऱ्हस्वदीर्घाला हात लावू नका.

दुसरी जात, तेव्हा बरोबर असलेली माहिती. महाराष्ट्रात ३५ जिल्हे आहेत असं एखादं पुस्तक म्हणतं. २०१० साली छापलेलं असेल तर ते बरोबर आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. तिथे ३५ खोडून ३६ करणं म्हणजे त्या पुस्तकाला त्याचं वय नाकारणं. समासात लिहा, '१ ऑगस्ट २०१४ पासून ३६.' जुन्या पाककृतींच्या आणि औषधांच्या पुस्तकांतल्या मापांचंही असंच. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमच्या आसपास. सराफाकडे आज तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम धरतात, त्यामुळे कोणता तोळा घेतला ते टिपेत लिहून ठेवा. छापलेला आकडा तसाच राहू द्या.

तिसरी जात माहितीतल्या खऱ्या चुकांची. इथे माझ्या हातून जे झालं ते सांगते. कॉलेजात असताना एका इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराजांची जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य ३ अशी होती आणि पुढे इ.स. १६३०. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, एवढं मला ठाऊक होतं. १५५१ आणि ७८, म्हणजे १६२९. छापील १६३० वर मी ठसठशीत निळी रेघ मारली आणि वर १६२९ लिहिलं. पुढे काही वर्षांनी हिशोब नीट कळला. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, इसवी सन जानेवारीत. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. फाल्गुन वद्य ३ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुस्तक बरोबर होतं, माझी रेघ चूक होती, आणि ती पेनाने मारलेली असल्यामुळे आजही तिथे आहे. तिच्याखाली मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'वरची दुरुस्ती चूक. फाल्गुन आहे, ७९ मिळवणे.' शिवजन्माच्या बाबतीत आणखी एक आहे. जुन्या पुस्तकांत वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७ अशी तिथी सापडते. ती छापणाऱ्याची चूक नव्हे. फाल्गुन वद्य ३ ही तिथी जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याकडच्या जुन्या तारीखवार नोंदींतली. तिथे टीप लिहायची ती दोन मतांची.

तेव्हापासून माझा नियम असा: माहितीची चूक वाटली तर आधी फक्त समासात प्रश्नचिन्ह. दुसऱ्या भरवशाच्या ठिकाणी पडताळलं की मग बरोबर माहिती, कुठे पाहिली ते आणि आजची तारीख. ही तारीख मला फार महत्त्वाची वाटते. आपण कधी काय मानत होतो ते तिच्यामुळे कळतं.

आता खुणा. मुद्रितशोधनात आम्ही चुकीचं अक्षर उभ्या रेघेने छेदतो आणि समासात बरोबर अक्षर लिहितो, कारण ते पान छपाईआधी पुन्हा जुळवलं जाणार असतं. घरचं पुस्तक पुन्हा जुळवलं जाणार नाही, म्हणून अक्षरावरून रेघ न्यायचीच नाही. चुकलेल्या शब्दाखाली बारीक रेघ, समासात त्याच ओळीला बरोबर शब्द. पूर्ण शब्द लिहा, नुसती वेलांटी लिहिली तर वर्षभराने तुम्हालाच उलगडा होणार नाही. राहिलेल्या शब्दासाठी ओळीच्या खालून काकपद. दोन शब्दांची अदलाबदल झाली असेल तर दोघांना वेढणारी नागमोडी रेघ. आणि आपलीच दुरुस्ती मागे घ्यायची असेल तर ती खोडण्याऐवजी तिच्याखाली टिंबांची रांग, म्हणजे 'मूळचंच राहू द्या'. छापलेलं अक्षर प्रत्येक वेळी वाचता आलं पाहिजे, एवढं सांभाळलं की बाकीच्या खुणा तुम्ही स्वतःच्याही ठरवू शकता.

टिपा

दुरुस्तीला नियम लागतात, टिपेला मोकळीक हवी. तरी अनुभवाने सांगते, 'छान', 'वा', 'अगदी खरं' याने समास भरू नका. आवडलेल्या ओळीला बाहेरच्या बाजूला एक उभी रेघ पुरते. पानभर अधोरेखन केलं की कशाखालीच रेघ नसल्यासारखं होतं. टिकतात त्या टिपा वेगळ्या असतात: 'हे पान ३१ शी जुळत नाही', 'हा शब्द आजी वापरायची, अर्थ वेगळा', 'याचं उत्तर पुढे पान १४० वर'. स्वतःचं मत लिहिलं तर चौकोनी कंसात लिहा, म्हणजे ते दुरुस्तीत मिसळणार नाही. रागाने लिहावंसं वाटलं तर पेन्सिल खाली ठेवून ते प्रकरण शेवटपर्यंत वाचा, मग लिहा.

पाककृतींच्या पुस्तकात तर लिहिलंच पाहिजे. माझ्या आईच्या पुस्तकात चकलीच्या पानावर पिठाची बोटं उमटली आहेत आणि शेजारी चार दिवाळ्यांच्या नोंदी आहेत. एका वर्षी 'मोहन जास्त, तेलात विरघळल्या'. पुढच्या वर्षी 'मोहन निम्मं, बरोबर'. तिसऱ्या वर्षी 'भाजणी नवीन गिरणीतून, जाड, पाणी पाव वाटी जास्त'. चौथीला नुसतं 'उत्तम, ३ किलो'. छापलेली कृती कुणालाही विकत मिळेल. या चार ओळी फक्त आमच्या घरात आहेत, आणि त्या वाचताना ती ओट्यापाशी उभी दिसते.

मागच्या पानावर

शेवटच्या कोऱ्या पानावर तीन गोष्टी लिहा. आपल्या खुणांचा अर्थ, म्हणजे 'शु.', प्रश्नचिन्ह, चौकोनी कंस. मग आपली सूची. मराठी पुस्तकांना शेवटी शब्दसूची क्वचितच असते, म्हणून पुन्हा लागेल असं वाटलेल्या गोष्टी विषय आणि पान अशा आठ-दहा ओळींत मांडा. वर्षांनी शोधताना हीच सूची कामाला येते. तिसरं, पुस्तक कधी वाचलं त्या तारखा, दुसऱ्या वाचनाचीसुद्धा.

ज्यांत लिहायचं नाही त्या पुस्तकांसाठी पातळ पांढऱ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. वर पान आणि ओळ, खाली टीप, आणि पट्टी त्या पानात. वर्तमानपत्राचा तुकडा नको. त्यातल्या आम्लाने पानावर तपकिरी चौकोन उमटतो, पिंपळाच्या पानानेही डाग पडतो. टाचणी, यू-पिन, स्टेपल तर अजिबात नको, एका पावसाळ्यात गंजतात. पट्ट्या डझनभर झाल्या तर वहीत उतरवून घ्या, नाहीतर पुस्तकाचा कणा फुगतो. पावसाळ्यानंतर कपाटातली पुस्तकं सावलीत वाऱ्यावर उभी उघडून ठेवायची तेव्हा कसर लागली आहे का तेही दिसतं आणि पट्ट्याही तपासून होतात.

खोडायची वेळ आली तर

पांढरं मऊ खोडरबर घ्या. गुलाबी खरखरीत रबराने कागदाचा वरचा थर जातो. डाव्या हाताने पान घट्ट धरून शिवणीकडून बाहेरच्या कडेकडे, एकाच दिशेने हलके फिरवा. मागेपुढे घासलं तर पान चुरगळतं. चुरा मऊ ब्रशने झटका, फुंकर नको, ओलसर थेंब उडतात. जुन्या विकत घेतलेल्या पुस्तकातल्या परक्याच्या टिपा मात्र मी खोडत नाही. नाव-गाव असेल तर तेही राहू देते. आधीच्या वाचकाची चूक वाटली तर माझी टीप तिच्या शेजारी, वेगळ्या तारखेने.

प्रकाशकाला कळवणं

पुस्तक वाचून संपलं आणि समासात पाच-दहा पडताळलेल्या दुरुस्त्या जमल्या की त्या एका कागदावर काढा. शुद्धिपत्रासारखेच चार रकाने, माहितीच्या चुकीला आधार कुठला ते पाचव्या रकान्यात. सगळ्यात वर पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि छपाईचं वर्ष. हे वर्ष न लिहिलेल्या याद्या मी कामावर असताना पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या चुका पुढच्या छपाईत आधीच सुधारलेल्या असतात आणि पान क्रमांक हललेले असतात. प्रश्नचिन्हाच्या नोंदी पाठवू नका, फक्त खात्रीच्या. भाषा साधी ठेवा. ज्याने ते पुस्तक तपासलं त्याने चारशे पानांतल्या हजार चुका काढलेल्या असतात, तुम्हाला दिसल्या त्या उरलेल्या दहा.

यादीची एक प्रत घडी करून पुस्तकाच्या शेवटी ठेवा. पुनर्मुद्रण आल्याचं कळलं की ती घेऊन मी अप्पा बळवंत चौकात जाते, दुकानदाराला विचारून नवी प्रत हातात घेते आणि यादीतलं पहिलं पान उघडते. मागच्या वेळी ते पान ११२ होतं, खालून चौथी ओळ. काना आला होता. काउंटरवरच मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूण केली.